चेलोच्या मानेभोवतीचा सदरा

१

वाद्य खोक्यात घालण्याआधी त्याच्या तारा सैल कराव्या लागतात, पण पुऱ्या नाही. पुऱ्या सोडल्या तर पोटातली आधाराची काठी पडते आणि घट्ट ठेवल्या तर वाटेतल्या ऊन-थंडीनं लाकूड चिरतं. किती सैल, हा अंदाज ह्यांच्या बोटांत आहे. हे तीस वर्षं वाद्यांसाठी लाकडी खोकी बनवतात आणि आतलं भरण मी बघते. पुढच्या खोलीत भुसा, मागच्या खोलीत देव आणि मधे स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर.

भरणाचा एक नियम आहे. कापड सुती हवं, जुनं हवं, तीनदा धुतलेलं हवं, आणि अंगावरून उतरून त्याला निदान वर्ष झालेलं हवं. घामाची ओल राहिली तर वाद्याची झिलई डागाळते. हा नियम मी तीस वर्षांत एकदाच मोडला.

त्या आठवड्यात चेलो आला होता. बसून, दोन्ही गुडघ्यांत धरून वाजवायचं वाद्य. उभं केलं तर माझ्या खांद्याला लागत होतं. दीडशे वर्षांचं लाकूड. समुद्रापलीकडे एका वादकबाईंकडे ते जायचं होतं. त्यांनी ह्यांना फोनवर सांगितलं होतं, "माझ्या वडिलांनी त्याच्यावर घर चालवलं आणि मीही चालवते. दुसरा नाही माझ्याकडे." हे म्हणाले, "बाई, माझ्या खोक्यातून आजवर साधा चरा पडलेलं वाद्य निघालेलं नाही." ते खरंच होतं.

चेलोची मान सगळ्यांत नाजूक. तिच्याभोवती कापड असं गुंडाळायचं, की तान्ह्या बाळाचं डोकं हातावर घेतलंय.

माऊ, आमची एकुलती लेक, दोन महिन्यांपूर्वी सासरहून आली होती. आली म्हणजे निघून आली. अंगात करडा सदरा, एकाच पायात चप्पल, कॉलरवर रक्त. त्याआधीही ती दोनदा आली होती. दोन्ही वेळा मीच तिला समजावून परत पाठवलं होतं. "जरा सांभाळून घे, देव बघतोय," असं म्हटलं होतं. देव बघत असेल. मी बघितलं नव्हतं.

आता तिच्या अंगावरचे डाग पिवळे पडून विरले होते. सकाळी ती गुणगुणायला लागली होती. मी एक्केचाळीस दिवसांचा नेम धरला होता, एकवेळ जेवायचं आणि शेवटच्या दिवशी तिची पीडा घराबाहेर काढायची, पाण्यापार. तो करडा सदरा मी धुतलाच नव्हता. कपाटाच्या तळाशी तसाच गुंडाळून ठेवला होता. एक्केचाळिसावा दिवस आणि चेलो भरायचा दिवस एकच आला. मला वाटलं, देवानंच जुळवून आणलं.

हे झाकणाला भोकं पाडत होते. मी सदरा चेलोच्या मानेभोवती गुंडाळला, बाह्यांची पुढे सैल गाठ मारली, भोवती फोम बसवला आणि हात जोडले. जे काही आहे ते ह्याच्याबरोबर लांब जाऊ दे.

"अगं, भरण करतेस की पूजा?" ह्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"मग माझ्या स्क्रूंनाही आशीर्वाद दे. मेला एकही सरळ जात नाही."

मी हसले. झाकण बसलं. दुपारी ट्रक आला आणि खोकं बंदराजवळच्या गोदामात गेलं.

२

खोकं बाहेर पाठवताना हे त्याच्यावर दोन पहारेकरी बसवतात. एक बाहेर, काचेची बोटाएवढी नळी. खोकं कुणी आपटलं तर ती पांढऱ्याची लाल होते, मग काही केल्या पांढरी होत नाही. दुसरा आत, काडेपेटीएवढं यंत्र. धक्का बसला की ह्यांच्या मोबाईलवर वेळेसकट निरोप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चहा पीत होतो आणि मोबाईल थरथरला. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, "धक्का. जोरदार. दहा वीस."

"काय मेल्यांनी..." म्हणत हे उठले, तोच स्वयंपाकघरात ताटल्या पडल्या.

माऊ फरशीवर बसली होती. खालचा ओठ फुटला होता. ती ओठाला नाही, ओट्याच्या कडेला हात लावून बघत होती, जणू कड कुठे आहे याचीच खात्री करत होती.

"पाय घसरला गं आई."

मी तिला उठवलं. फरशी पुसायला फडकं घेतलं आणि तसंच हातात धरून उभी राहिले. फरशी कोरडी होती.

पुढच्या खोलीत हे गोदामाच्या मुकादमाला फोनवर झापत होते. "नाजूक आहे, सांभाळा, असं चार बाजूंनी लिहिलंय! तुमच्याकडे वाचता येणारं कुणी आहे की नाही?"

संध्याकाळपर्यंत आणखी दोन निरोप आले. माऊ त्या दिवशी आणखी दोनदा पडली.

३

शेजारी नर्सबाई राहतात. निवृत्त झाल्या असल्या तरी नजर शाबूत आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माऊच्या पाठीला मलम लावलं आणि मला स्वयंपाकघरात ओढून दार लोटलं.

"कोण मारतंय हिला?"

"अहो, कुणी नाही. घसरते."

"पाठीवर कुणी घसरत नाही. वहिनी, मी चाळीस वर्षं ही पाठ बघितलीय. वेगवेगळ्या बायकांवर, पण हीच पाठ." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचे हे तसे नाहीत ना?"

मला राग यायला हवा होता. मी फक्त ‘नाही’ अशी मान हलवली.

ह्यांचा संशय जावयावर होता. पोर भोळी आहे, गुपचूप भेटत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी दाराचं कुलूप बदलून घेतलं आणि हातोडी मांडीवर घेऊन उंबऱ्याजवळ खुर्ची टाकली. "येऊ दे एकदा. येऊ तर दे."

कुणी आलं नाही. मी मनाची समजूत घालत होते. अंगाला सवय लागते, माराचीही लागत असेल. झोपेत दचकतो तसं जागेपणी दचकून ती स्वतःलाच लागून घेत असेल. जप वाढवला की थांबेल.

चौथ्या दिवशी भर अकरा वाजता मी खिडकीत बसून उशीचा अभ्रा शिवत होते. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, माऊ केस विंचरत होती. ती काहीतरी सांगत होती. वाचनालयात जागा आहे, अर्ज करू का, असं काहीसं. शब्द मधेच तुटला. तिचं डोकं उजवीकडे फेकलं गेलं. आवाज झाला, ओला कपडा दगडावर आपटावा तसा. कंगवा भिंतीला लागून पडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या डाव्या गालावर आधी पांढरी आणि मग लाल, चार बोटं उमटली.

आमच्या दोघींमधे कुणी नव्हतं. फक्त उन्हाचा पट्टा होता. त्यातली धूळसुद्धा सावकाश फिरत होती.

माऊ रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मी काही बोलले का गं? मी काही चुकीचं बोलले?"

पुढच्या खोलीत मोबाईल थरथरला.

मी उठले. तो ह्यांच्या हातातून घेतला आणि सगळे निरोप पहिल्यापासून वाचले. दहा वीस, ताटल्या. चार दहा, न्हाणीघर. काल साडेनऊ, जिन्यात. एकूण अकरा निरोप. माऊच्या अंगावरचे डाग मला पाठ होते, मोजायची गरज नव्हती.

४

मी ह्यांना सदऱ्याचं सांगितलं. ह्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "धुतलेला नव्हता?"

"नाही."

"वेडी आहेस." पण म्हणतानाच ते चपला शोधत होते. "हा योगायोग आहे. झिलई खराब होईल म्हणून जातोय मी. कळलं? झिलईसाठी."

"हो," मी म्हटलं. "झिलईसाठीच."

नर्सबाई माऊजवळ बसल्या. माझा मोबाईल चालू ठेवला, त्यांचाही. रिक्षात बसल्यावर माझ्या कानात त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागून माऊचा आवाज, "मी ठीक आहे हो, तुम्ही बसा."

गोदाम म्हणजे पत्र्याचं लांबच लांब छप्पर आणि खाली माणसाच्या उंचीची खोकी. मुकादम जाडजूड, हसरा माणूस. ह्यांना बघताच त्यानं हात जोडले. "या साहेब! फोनवर शिव्या पुरल्या नाहीत, समक्ष द्यायला आलात?"

"खोकं दाखव."

"दाखवतो की. बोटीला उशीर आहे. आलं त्या दुपारपासून एकाच जागी आहे. ह्या खोक्यावर माशी बसली असेल, तर तेवढाच काय तो धक्का."

खोकं कोपऱ्यात आडवं होतं. त्याच्याभोवती जमिनीवर चार दिवसांची धूळ साचली होती, आणि धुळीत एकही पाऊल नव्हतं, ओरखडा नव्हता. हे गुडघ्यावर बसले, काचेच्या नळीवर बोट फिरवलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

नळी पांढरी होती.

"मग आतलं यंत्र बिघडलंय," ह्यांनी स्वतःलाच सांगितलं. "बघ, सोपं आहे. यंत्र बिघडलंय."

त्याच क्षणी त्यांच्या खिशात मोबाईल थरथरला. खोकं हललं नाही. पण आतून आवाज आला, दबलेला आणि ओला. माझ्या कानात नर्सबाई ओरडल्या, "डोळ्यावर! अहो, डोळ्यावर बसला हिच्या!"

मुकादम हसायचा थांबला.

५

तो धावत जाऊन पहार घेऊन आला. "व्हा बाजूला, दोन मिनिटांत फोडतो."

"नाही!" मी त्याच्या हाताला लटकलेच. "ठोकायचं नाही. एकही टोला नको."

ह्यांनी त्याला मागे सारलं. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सोळा स्क्रू होते, त्यांनी स्वतः आवळलेले. एकेक स्क्रू ते असा फिरवत होते, जसा काही माऊच्या पायातला काटा काढतायत. सातव्या स्क्रूला आत पुन्हा आवाज झाला. अकराव्याला दोन, पाठोपाठ. ह्यांचा हात घसरला, अंगठ्याला रक्त आलं, ते पुसायलाही थांबले नाहीत. कानात माऊ कण्हत होती, लहानपणी तापात कण्हायची तशी.

झाकण उचललं.

मी बसवलेला फोम सपाट होता, बर्फीच्या थरासारखा. आता तो खळग्यांनी भरला होता. एकेका खळग्यात मुठीच्या चार गाठींचे ठसे आणि बाजूला अंगठा. मी तो ठसा ओळखला. पहिल्यांदा माऊ आली तेव्हा तिच्या खांद्यावर बघितला होता, आणि त्यावर हळद लावून तिला परत पाठवलं होतं.

चेलोला चरा नव्हता. झिलई चकचकीत होती. सगळं सदऱ्यानं अंगावर घेतलं होतं.

सैल गाठ मारलेल्या त्या बाह्या आता मानेला अशा आवळल्या होत्या, की लाकूड आणि कापड वेगळं दिसेना. मी कॉलर धरून ओढली. सदरा जड होता. आणि गरम होता.

"खुर्चीवरून ओढली जातेय!" नर्सबाईंचा श्वास तुटत होता. "मी धरलंय तिला... वहिनी, काय करताय ते थांबवा!"

मी हात काढले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. उघड्या फोमवर, अगदी माझ्या मनगटाशेजारी, हळूच एक नवा खळगा उमटू लागला.

मला मंत्र आठवेना. इतक्या वर्षांचा जप, एक ओळ जिभेवर येईना. मी खोक्यात वाकले, कॉलरजवळ तोंड नेलं आणि माऊशी बोलावं तसं बोलले.

"माऊ, चल घरी. माझं चुकलं बाळा. दोन्ही वेळा माझंच चुकलं. सांभाळून घ्यायचं नाही. काही सांभाळायचं नाही तुला. सोड ते. मी आता कुणाकडे पाठवणार नाही तुला. देव सांगायला आला तरी नाही पाठवणार."

काही झालं नाही. मग एका बाहीचा पीळ सुटला. मग दुसऱ्या. सदरा माझ्या हातांत आला तेव्हा तो फक्त एक जुना, मळका सदरा होता, अगदी हलका.

"थांबलं," कानात नर्सबाई म्हणाल्या. "रडतेय. मोकळी रडतेय. रडू दे."

मी आत बघायला नको होतं. पण बघितलं. जिथे सदरा होता तिथे फोमवर खळगा पडला. त्याच्या शेजारी दुसरा. पुढे तिसरा, कडेकडेनं, सावकाश. दिवे गेल्यावर उशाशी हातानं काहीतरी शोधावं, तसं ते चाचपडत होतं. माझ्या बाजूच्या कडेपर्यंत आलं. थांबलं.

"झाकण," मी म्हटलं. "अहो, झाकण लावा."

६

सोळापैकी नऊ स्क्रू झाले होते तेव्हा सुरू झालं.

आधी एक तार तुटली. सैल केलेली तारसुद्धा तुटताना एवढी किंचाळते, मला माहीत नव्हतं. मग लाकूड. पहिला टोला बोथट होता, दुसऱ्याला तडकल्याचा आवाज आला, आणि मग त्यानं थांबणं सोडूनच दिलं. आत पोट फुटत होतं, फळ्या निखळत होत्या, आणि प्रत्येक टोल्याला त्या पोकळ पोटातून एक घोगरा, माणसासारखा सूर निघत होता. मुकादम मागे सरकत भिंतीला टेकला. खोकं जमिनीवर केसभर हललं नाही. नळी पांढरीशुभ्र होती.

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवायला घेतला. "उघड! अगं, बाजूला हो, उघडू दे! अजून मान तरी वाचेल. दीडशे वर्षांचं आहे ते. त्या बाईकडे दुसरं नाही!"

"मला माहीत आहे."

"मग?"

"त्याला मारायला काहीतरी हवंय, अहो. आत काही नसेल तर ते बाहेर येईल."

"तीस वर्षांत एक चरा नाही! काय नाव राहील माझं?"

मी झाकणावर बसले. दोन्ही पाय टेकवून, सगळं वजन टाकून. टोले खालून माझ्या हाडांत येत होते.

"नाव आपण दोनदा राखलंय," मी म्हटलं. "तिला परत पाठवून."

मग त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली आला. ते वाकले, आणि उरलेले सात स्क्रू एकेक करून, अंगठ्यातून रक्त गळत असताना, घट्ट आवळले. शेवटचा झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. त्या अनोळखी वादकबाईंची मी मनात माफी मागितली. ती पोहोचणार नाही, हे मला कळत होतं.

"आई?" फोनवर माऊ होती. आवाज सुजलेला, पण तिचाच. "आई, ऐकू येतंय का?"

"येतंय गं."

"दुखायचं थांबलं. एकदम थांबलं. नर्सबाईंनी दूध दिलंय, पाव बुडवून खातेय. ओठाला झोंबतंय थोडं." ती जराशी थांबली. "तिकडे कसला आवाज आहे? कुणी काही फोडतंय का?"

माझ्या खाली काहीतरी मधोमध मोडलं. झाकण आतून वर उचललं गेल्यासारखं वाटलं, आणि पुन्हा बसलं. मी सदरा मांडीत घट्ट धरला आणि मोकळा हात झाकणावर दाबून ठेवला.

"हो," मी म्हटलं. "फोडतंय. पण मी बसलेय त्याच्यावर. तू खा, सावकाश खा. ते वाचनालयाचं काय सांगत होतीस सकाळी? अर्ध्यावर राहिलं होतं."

माऊ सांगायला लागली. मला एक शब्द धड ऐकू येत नव्हता. मी प्रत्येक वाक्याला हुंकार देत राहिले.